वीजपाण्याची खोली

“तुम्ही भाजीला करंट देता म्हणं?” हा प्रश्न मला धाराशिवात इतक्या जणांनी विचारला, की पुढं पुढं मी नुसतं “हो” म्हणायला लागलो. एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसून ओझोन समजावून सांगायचा म्हणजे भात गार होतो.

इथं मात्र सांगतो. आमचा कारखाना शहराबाहेर, तुळजापूर रस्त्याला. पत्र्याची मोठी शेड. आसपासच्या गावांतून कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना, कढीपत्ता यायचा. तो धुवायचा, निवडायचा, पिशव्यांत भरायचा आणि गारेगार गाडीतून पुण्या-हैदराबादच्या हॉटेलांना पाठवायचा. त्यातलं ‘धुवायचा’ हे माझं काम. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूत दोन अणूंची जोडी असते. माझ्या मशीनमध्ये त्याच्यावर जबर दाबाची वीज सोडली की काही जोड्या फुटतात आणि तिघातिघांचे गट होतात. हा ओझोन. त्यातल्या तिसऱ्याला चैन पडत नाही. पाण्यात सोडला की तो दिसेल त्या जंतूच्या अंगावर धावून जातो, त्याला फोडतो आणि पुन्हा साधा प्राणवायू होऊन मोकळा होतो. मागं औषधाचा वास राहत नाही, चव राहत नाही. साठवून मात्र ठेवता येत नाही. करायचा आणि लगेच वापरायचा.

आणि त्याला चिखल चालत नाही. पानांना माती असली तर त्याची सगळी ताकद मातीवरच खर्च होते. म्हणून आधी साध्या पाण्यात दोनदा धुणं, मग माझी टाकी.

अणदूरचे एक बागायतदार होते, सत्तरीचे. त्यांचा कढीपत्ता एकदा तपासणीत परत आला, फवारणीचा अंश जास्त निघाला म्हणून. ते क्रेट घेऊन तडक माझ्या दाराशी.

“ह्ये तुमच्या पाण्यात चारदा बुचकळून काढा. सायबाला काय कळतंय?”

“मामा, माझं पाणी पानावरचे जंतू मारतं. तुमचं औषध पानात मुरलंय. ते नाही निघणार.”

“मग एवढी वीज जाळून उपेग काय?”

मी त्यांना काचेतून टाकी दाखवली. दाराच्या फटीतून हलकासा वास आला, तसे ते थबकले. “आमच्या बांधावरच्या लिंबावर वीज पडली हुती,” ते म्हणाले, “तवा अस्साच वास आलता. म्हंजी ह्ये वीजपाणीच की!”

क्रेट घेऊन ते परत गेले, नाव तेवढं ठेवून गेले. त्या दिवसापासून सगळा कारखाना माझ्या खोलीला वीजपाण्याची खोली म्हणू लागला.

या खोलीत एकच माणूस बसायचा, तो मी. हारून बागवान, वायरमनचा कोर्स केलेला, आधी जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवलेला. कामाशिवाय कुणी आत यायचं नाही, असा नियम. ओझोन पाण्यात जितका कामाचा, तितका हवेत वाईट. घसा जळतो, डोळे चुरचुरतात, छाती आवळून येते. भिंतीला मोठी काच होती. काचेच्या पलीकडं निवडणीचं लांब टेबल आणि टेबलाभोवती चौदा बाया. धुतलेली भाजी पट्ट्यावरून भिंतीतल्या एका खिडकीतून त्यांच्याकडं जायची. त्या दिवसभर बोलायच्या, हसायच्या. मला दिसायचं सगळं, मशीनच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही. कधी कधी त्यांना हसताना बघून मीही हसायचो, काय विनोद झाला ते न कळता. एकदा एकीनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून दुसरीला दाखवलं. मग मी काचेकडं पाठ करून बसू लागलो.

मशीन बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं मला आठवडाभर शिकवलं. भिंतीवर हवेतला ओझोन मोजणारा मीटर होता. तो म्हणाला, “बागवान, मीटर बिघडतो, त्याचा सेल मरतो. तुमचं नाक आधी सांगेल. पण आत शिरताना जो वास येईल तोच खरा. पाच मिनिटं बसलात की नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं.”

नाकाचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही बागवान. माझे अब्बा फळांचा गाडा लावायचे. आंब्याच्या पेटीला बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. “हात मत लगा, सूंघ,” म्हणायचे. बंद पेटीच्या फटीशी नाक नेऊन खालच्या थरात एक आंबा उतरलाय, हे ते सांगायचे आणि पेटी उघडली की तसंच निघायचं. त्यांचं नाक माझ्याकडं आलं होतं. खोलीत शिरताना एक श्वास घेतला की मला कळायचं, कुठला सांधा सैल झालाय. सात वर्षांत मी तीन गळत्या मीटरच्या आधी पकडल्या. इंजिनियर फोनवर हसायचा, “तुमच्या नाकाचा विमा काढा.”

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो, मी आणि जुलेखा. दवाखान्यात आम्हाला वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवलं. मी घरी आलो, ती आली नाही. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला वेळेवर येता आलं नाही. आला तेव्हा दोन महिने राहिला, मग त्यालाही जावं लागलं.

कामावर परतलो त्या सकाळी मशीन सुरू केली, नेहमीसारखा दहा मिनिटं बाहेर थांबलो आणि आत शिरून श्वास घेतला. काहीच वास नाही. मला वाटलं, इतके दिवस बंद राहून मशीन बिघडली. झाकणं उघडली, वीजदाब पाहिला, हवा येते का पाहिलं. सगळं ठीक. टाकीवरचा आकडाही बरोबर, पाण्यात ओझोन पुरता होता. तरी माझा विश्वास बसेना. पट्ट्यावरची कोथिंबिरीची जुडी उचलून तळहातावर चुरगळली, नाकाशी नेली. हिरवा ओला चुरा, बाकी काही नाही. तेव्हा कळलं, मशीन नाही बिघडलेली.

दवाखान्यातून आल्यापासून घरी जेवण तोंडात कागदासारखं लागत होतं. ते मी जुलेखा गेल्याच्या दुःखात धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. मी वाट पाहायची ठरवली. आणि कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खोली गेली असती. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. खोलीत निदान मी आलो नाही तर पट्टा थांबणार होता. ही माझी बाजू मी सांगतोय, पण ती बरोबर होती असं म्हणत नाही.

खुणेचे कागद मिळतात, हवेत ओझोन असला की जांभळे पडतात. ते मी दाराला लावायचो. पण ते बोलतात उशिरा, नाकासारखे नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवशी मी हिराताईंना हाक मारली. हिराताई म्हणजे बायांच्या टेबलाच्या प्रमुख, बेंबळीच्या, पंचेचाळिशीच्या, बोलायला थोड्या आणि नजरेला पक्क्या. रोज बाकीच्या बायांना घेऊन टेम्पोनं यायच्या.

“ताई, जरा दारात या. आज वास जास्त वाटतोय का?”

त्या आल्या, श्वास घेतला. “न्हाय. रोजच्यासारखा हाय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही. माझ्याकडं बघत राहिल्या.

“हारूनभाई, तुमचं नाक गेलंय व्हय?”

मी मान हलवली.

“सायबाला सांगितलं?”

“नाही.”

त्यांनी काचेतून टेबलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “मशीन चालू केली की मला हाळी मारा. जेवणानंतर पुन्यांदा. इसरू नका.”

त्यानंतर सव्वा वर्ष त्या दिवसातून दोनदा दारात येत राहिल्या. हनुवटी थोडी वर करायच्या, दोन श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, “हाय, पर जरासा.” किंवा, “चांगलं हाय.” दोनदा म्हणाल्या, “आज कायतरी येगळंच हाय, घशाला लागतंय,” आणि दोन्ही वेळा सांधा सैल निघाला. मी मशीन बंद केली, दुरुस्त केली, कुणाला कळलंही नाही.

जाता जाता कधी एखादं वाक्य जास्तीचं बोलायच्या. “आज आमच्या गावची मेथी हाय. कडू वास मारतीय.” किंवा, “पुदिना शिळा हाय, कुबट येतोय.” मी विचारायचो, “आणि कोथिंबीर?” त्या सांगायच्या. माझ्यासाठी त्या दोन मिनिटांत पूर्ण दिवसाचं बोलणं व्हायचं. संध्याकाळी घरी भाकरी खाताना मी आठवायचो, आज मेथीला कडू वास होता. सीताफळांच्या दिवसांत मी त्यांच्यासाठी निवडून फळं आणायचो, पिकली की नाही ते बोटानं दाबून बघत. अब्बांनी बघितलं असतं तर हातावर मारलं असतं. हिराताई फळं घ्यायच्या आणि टेबलावर नेऊन सगळ्या बायांत वाटून टाकायच्या. मला वाटायचं, माझी एक मैत्रीण आहे. या वयात हा शब्द लिहायला संकोच होतो, पण वाटायचं ते हेच.

मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, लातूरला. आदल्या दिवशी दारात आल्या तेव्हा म्हणाल्या, “आठ दिस म्या न्हाय. आता सायबाला सांगा. न्हायतर दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठिवा. असं सोडून जायला मला बरं वाटंना.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की, ताई.”

सांगितलं नाही. आठच दिवस, म्हटलं.

त्याच सुमारास ओझोनच्या नळीतला एक वायसर झिजला होता. ओझोन साध्या रबराला खातो. त्याला तडे पाडून भुसभुशीत करतो. म्हणून तिथं पांढरा, वेगळ्या जातीचा वायसर लागतो. तो पुण्याहून यायचा होता. तोवर काम अडू नये म्हणून मी साधा काळा रबरी वायसर बसवला, दोन दिवसांपुरता. मोटारीच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस मी, मला माहीत होतं काय करतोय ते. दोनाचे पाच दिवस झाले. मीटर भिंतीवर शून्य दाखवत होता आणि मी त्या शून्यावर विश्वास ठेवला. खुणेच्या कागदांची पाकिटं संपली होती. नवी मागवायची राहून गेली होती.

हिराताई गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळपासून माझी छाती जड होती. सर्दी असेल, म्हटलं. अकराच्या सुमारास लता आत आली. टेबलावरची बाई, दोन लेकरांची आई, लहानपणापासून दम्याचा त्रास. पालकाला माती राहिलीय, असं सांगायला आली होती.

“काका, ह्यो पालक बघा, पुन्हा धुवावा लागंल,” म्हणत ती टाकीशी आली. मी जुडी हातात घेऊन पाहू लागलो. पहिल्या धुण्याची टाकी कधी बदलली, वगैरे विचारत बसलो. दोन-तीन मिनिटं गेली असतील. तिला खोकला आला. “काय जळतंय वो काका?” तिनं विचारलं आणि पुढचं बोलता येईना. डोळ्यांतून पाणी, हात छातीवर. ती टाकीच्या कडेला धरून खाली बसली.

मी बटण दाबून मशीन बंद केली. तिला दोन्ही काखांत धरून ओढत बाहेर नेलं आणि ओरडलो, “सगळ्या बाहेर! टेबल सोडा, बाहेर पळा!” पट्ट्याच्या खिडकीतून गॅस त्यांच्याही बाजूला गेला होता. बाया अंगणात येऊन खोकत उभ्या राहिल्या. लताचे ओठ निळसर दिसत होते. टेम्पोत घालून तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथं तिला प्राणवायूचा मास्क लावला. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. तिचा नवरा आला, त्यानं मला विचारलं, “झालं काय नेमकं?” मी म्हणालो, “माझी चूक झाली.”  

लता तीन दिवसांनी घरी गेली. बरी झाली, पण कारखान्यात तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

चौकशीच्या आधी मॅनेजर देसाईसाहेबांनी मला बाजूला घेतलं. “मीटर मेलेला होता, एवढंच सांगा. यंत्राचा दोष. तुमचीही नोकरी राहील, आमचंही निभेल.”

मी ऐकलं नाही. आत मालक, देसाईसाहेब आणि पुण्याचा तोच इंजिनियर बसले होते. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. काळा वायसर मी बसवला. कागद संपले ते मी मागवले नाहीत. सव्वा वर्षापासून मला वास येत नाही आणि मी ते लपवलं. बोलताना छाती हलकी होत गेली, हे खोटं कशाला बोलू.

इंजिनियरला धक्का बसला होता. त्यानं विचारलं, “मग सव्वा वर्ष चालवलं कसं? एकही घटना नाही?”

आणि मी म्हणालो, “हिराताई होत्या ना. रोज दोनदा येऊन वास घ्यायच्या. दोन गळत्या त्यांनीच पकडल्या. नाक असावं तर त्यांच्यासारखं.”

मी कौतुकानं बोललो होतो. इंजिनियरनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. देसाईसाहेबांनी मालकांकडं पाहिलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

हिराताई लातूरहून नातीची बातमी आणि पेढे घेऊन आल्या. त्यांना आल्या आल्या ऑफिसात बोलावलं. टेबलाची जबाबदारी तुमच्यावर होती, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही कळवलं नाही, असं सांगून त्यांना त्याच दिवशी काढलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर ठेवला, आपला डबा उचलला आणि गेल्या. काचेतून मी पाहिलं. त्यांनी काचेकडं पाहिलं नाही.

मी धावत देसाईसाहेबांकडं गेलो. “साहेब, गुन्हा माझा आहे. मला काढा.”

“तुम्ही स्वतःहून खरं सांगितलंत म्हणून तुम्हाला ठेवलंय. त्यांनी लपवलं.”

“मीही लपवलंच होतं.”

“पण शेवटी तुम्ही सांगितलंत ना, बागवान.”

मी तिथं म्हणायला हवं होतं, मग मीही जातो. शब्द जिभेवर आले होते. पण घरातली ती रिकामी खोली डोळ्यांसमोर आली आणि मी गप्प बसलो. मला शीतगृहाच्या दारावर क्रेट मोजायला बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं, ते मी तिथं काढलं. टेबलावरच्या बाया माझ्यासमोरून जाताना बोलणं थांबवायच्या आणि पुढं गेल्यावर पुन्हा सुरू करायच्या. आता मध्ये काच नव्हती, एवढाच फरक.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी बेंबळीला गेलो. घर विचारत विचारत पोचलो. हिराताई ओसरीत लसूण निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण “या, बसा,” म्हणाल्या. पाणी दिलं, चहा टाकला. नात पावणेदोन वर्षांची झाली होती, आजोळी आलेली. मधे येऊन माझ्या टोपीकडं बोट दाखवून गेली.

“ताई, मी माफी मागायला आलोय,” मी म्हणालो. “तुमचं नाव मी वाईट हेतूनं घेतलं नाही. मला वाटलं, मी तुमचं चांगलंच सांगतोय.”

त्या लसणाच्या पाकळ्या सोलत राहिल्या.

“तुमी माझ्यावर सव्वा वर्ष उपकार केले,” मी पुढं म्हणालो. मी त्यांच्या बोलीत कधी शिरलो तेही कळलं नाही. “माझ्यासाठी रोज दोनदा—”

“तुमच्यासाठी?” त्यांनी मान वर केली. आवाज चढला नव्हता. “हारूनभाई, तुमच्यासाठी कशाला घीन म्या वास? पलीकडं चौदा बाया बसलेल्या हुत्या. त्यांच्यासाठी घेत हुते.”

मी हातातला कप बशीत ठेवला.

त्याच पुढं म्हणाल्या, “पहिल्या दिशीच सायबाला सांगणार हुते. निघालेबी हुते. मग तुमच्या तोंडाकडं बघितलं. घरवाली गेलेली, लेक लांब. म्हणलं, ह्या माणसाला ही एवढी खोलीच उरलीय, ती कशाला काढून घ्या. तितं चुकलं माझं. तुमची दया केली न् लताचा जीव टांगला. मला काढलं ते काय लई वंगाळ न्हाय केलं त्यांनी.”

“असं नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

चहा झाला. मी कपबशी आत नेऊन ठेवू लागलो, तर “ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. मी सीताफळं नेली होती, ती पिशवी खांबाशी ठेवली. आत त्यांचे यजमान रेडिओ लावून बसले होते. त्यांनी एकदा डोकावून रामराम केला आणि परत गेले. आणखी बसायला कारण नव्हतं.

उठलो आणि आपल्याकडं म्हणतात तसं “येतो,” म्हणालो. यावर समोरचा “या” म्हणतो. हे कुणी ठरवून म्हणत नाही, ओठांवर आपसूक येतं. नावडत्या पाहुण्यालाही आपण “या” म्हणतो. मी चपला घालत वाट पाहिली, एक पट्टा उगाच दोनदा सारखा केला.

“सावकाश जावा,” हिराताई म्हणाल्या आणि सुपातल्या लसणावर फुंकर मारली. टरफलं उडून ओसरीभर पसरली. नात ती पकडायला धावली.

बेंबळीला मी त्यानंतर गेलो नाही.